घडी

रांगफ्रिड हेल्महाउगेन तीन डिस्का घेऊन आली,
लोकरीच्या मोज्यांत घातलेल्या.
दोन मोजे जोडीचे, तिसरा विजोड.

वार्डोच्या ग्रंथालयाचं तळघर. खिडकी नाही,
पण छपरावर कुरव भांडतात ते इथवर ऐकू येतं.
नऊ वर्षं तिच्या एलर्टनं दुपारी बाराला
स्वयंपाकघरातून तोच धक्का टिपला,
बोटी असोत, नसोत,
सूर्य दोन महिने रजेवर गेलेला असो,
बाराला चाळीस फोटो,
कारण कुरव एका जागी बसत नाहीत.

त्याच्या कॅमेऱ्याची कंपनी बुडाली.
कच्च्या फायली तिच्याच अक्षरांत,
आणि ती वाचणारा प्रोग्राम ज्या संगणकावर चालायचा
त्यावर आता रांगफ्रिडनं जिरेनियम ठेवलंय.
लिपी मोडीत निघाली, दुसरं काय.
मी ती बाळबोध करायला घेतली:
मोकळी मांडणी, जिचे नियम कुणीही मागावेत
आणि मिळावेत.

नगरपालिकेनं जागा दिली चार टेराबाइट.
मोज्यांत सहाच्या वर निघालं.

"कमी करणार म्हणजे काढणार काय?"
काही नाही, म्हटलं. घडी घालायची.
चादर अंथरली की खोलीभर,
घडी केली की फळीवर, धागा एकही कमी नाही.
आकाश सलग राखाडी असेल तिथं
दर ठिपक्याला राखाडी, राखाडी म्हणत बसायचं नाही.
मागच्यासारखाच, एवढं लिहिलं की पुरे.
ती म्हणाली, आमचा संसार
असाच लिहून काढता येईल, दीड पानात.

डिसेंबर मात्र घडीला येईना.
अंधारात कॅमेरा नसलेलंही बघतो,
कण कण, एकासारखा दुसरा नाही,
आणि त्याची घडी बसत नाही.
निळं दुपारचं आभाळ निम्म्यात मावलं,
काळोख जवळजवळ होता तेवढाच राहिला.
बारा वर्षं नोकरी झाली,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मध्येच प्रोग्राम थांबला:
काही नोंदी कंपनीच्या खाजगी आहेत,
अर्थ लागत नाही, तशाच उचलू की सोडू?
"काय असेल त्यात?"
कुणास ठाऊक. कॅमेऱ्याला वाटलेली थंडी,
भिंग किती वेळा डळमळलं, असलं काहीतरी.
ती खुर्चीत जरा मागे रेलली.
"एलर्टचंही थोडं असं होतंच. उचल तसंच.
अर्थ नको लावूस."

रात्रभर पट्टी सरकत राहिली.
सकाळी तीन टेराबाइट आणि थोडं,
आणि एक फाईल लाल.
अकरा फेब्रुवारी, अर्धीच लिहिलेली,
बहुधा बॅटरी संपली.
आतून निघालं फक्त नखाएवढं चित्र,
आधी पाहायला म्हणून कॅमेरा ठेवतो ते:
खिडकीच्या बाहेरच्या बाजूनं ती,
हातात चमचा,
काचेवरची शीट खरवडतेय.
तोंड उघडं. काहीतरी बोलतेय, आणि
ते काय असणार हे आम्हा दोघींना कळलं.

"बघ," ती म्हणाली, "सगळ्यात कमी जागा मीच घेतली."
आणि हसली, मग चष्मा पुसायला काढला
आणि बराच वेळ पुसत बसली.

मूळ फायली पुसायच्या? पडद्यावर प्रश्न.
एक लाख तीस हजारांना तिनं होय म्हटलं,
मान हलवून, भाजीवाल्याला म्हणावं तसं.
लाल तेवढी राहू दे.
सत्तेचाळीस मेगाबाइट, न उघडणारी.
मी नियम सांगितला: एकाच कपाटात दोन लिप्या चालत नाहीत.
ती म्हणाली, कपाट तुझं आहे,
मोजा माझा.

विजोड मोज्यात एक डिस्क परत गेली,
जवळजवळ रिकामी.
वर रस्त्यावर तिनं पहिलं काम केलं ते
टोपी घट्ट ओढून छपराकडे बघत
कुरवांना एक सणसणीत शिवी दिली.
दुपारचे बारा व्हायला दहा मिनिटं होती.